पळसोळीची फुंकणी

पळसोळीच्या ग्रामीण रुग्णालयात आठ नंबरची खोली सगळ्यात शेवटी होती, औषधांच्या खिडकीच्याही पलीकडं. दारावर पाटी होती, ‘किशोरवयीन आरोग्य कक्ष’. प्रणिता हसबे तिथं समुपदेशक म्हणून लागली तेव्हा पहिल्या वर्षात त्या दारातून अकरा पोरं आत आली. त्यातल्या नऊ जणांना शाळेनं रांगेनं लोहाच्या गोळ्या घ्यायला पाठवलं होतं आणि उरलेल्या दोघी एक्स-रेची खोली शोधत होत्या.

कारण उघड होतं. पळसोळी हे गलाईवाल्यांचं गाव. इथली निम्मी माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, कुणी कोईमतूरला, कुणी कानपूरला, कुणी कटकला. पोरं मात्र गावाकडं, आजी-आजोबांजवळ नाहीतर वसतिगृहात. त्यामुळं एकेका पोरावर अख्ख्या गावाची नजर. कुणाची पोरगी दवाखान्याच्या बोळात दिसली की ती घरी पोचायच्या आत बातमी कोईमतूरला पोचलेली असायची. अशा गावात पाळी चुकलीय, छातीत गाठ लागतेय, अभ्यासाला बसलं की हात कापतात, असलं काही विचारायला दिवसाउजेडी आठ नंबरमध्ये कोण जाणार?

मग फुंकणी आली आणि सगळं बदललं.

त्या पेटीचं सरकारी नाव लांबलचक होतं. पोरांनी पहिल्याच आठवड्यात तिचं बारसं उरकलं. भट्टीच्या विस्तवावर फुंकर घालायची नळी त्यांनी घरोघरी पाहिलेली होती आणि या पेटीलाही तशीच एक नळी होती, कागदाची, दर वेळी नवी बसवायची.

माणूस श्वास सोडतो तेव्हा त्यात नुसती हवा नसते. रक्तातून फुप्फुसात झिरपलेले शेकडो वायू त्यात असतात, काही तर इतके थोडे, की अब्ज कणांमध्ये एखादा. यकृत कसं चाललंय, आतड्यातले जंतू काय करतायत, शरीर साखर जाळतंय की चरबी, या सगळ्याची खबर त्यांच्यात असते. फुंकणीच्या पोटात केसाहून बारीक जाळ्या होत्या. दर जाळी ठरावीक वायूंनाच धरून ठेवायची. चाळीस सेकंदांत ती सांगायची, रक्त कमी आहे का, कुठं जंतुसंसर्ग आहे का, पोटात अल्सर होऊ घातलाय का.

पण पोरांना वेड लावलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. हे वायूंचं मिश्रण दर माणसाचं वेगळं असतं, अंगठ्याच्या ठशासारखं. म्हणून फुंकणीला नाव लागत नव्हतं, गाव लागत नव्हतं, आधार क्रमांक लागत नव्हता. पडद्यामागं बसायचं, मनातलं पडद्यावर लिहायचं, फुंकायचं. पुढच्या वेळी आलं की पुन्हा फुंकायचं, पेटी श्वास ओळखायची आणि मागचं उत्तर दाखवायची. ‘ताईला दाखव’ हे बटण दाबलं तर प्रश्न आणि तपासणी प्रणितापर्यंत पोचायची आणि ती उत्तर लिहायची. समोर यायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

आठ महिन्यांत चारशे बारा पोरं येऊन गेली. प्रणिता त्यांना श्वासानं ओळखायची, चेहऱ्यानं नाही. बाजारात एखादी पोरगी तिच्याकडं बघून उगाच हसली की तिला वाटायचं, ही मुरमांवर मलम विचारणारी असेल का? आणि एक होती दर मंगळवारी येणारी. पहिल्यांदा तिनं फक्त दोन शब्द लिहिले होते, ‘जगायचं नाही’. प्रणितानं तिला लिहिलं, आणि ती पुढच्या मंगळवारी परत आली. त्यालाही आता सतरा मंगळवार झाले होते. अजून ती पडद्याच्या या बाजूला आलेली नव्हती, पण येत होती.

पेटीला एक कुलूप होतं. अगदीच जिवावरचा प्रसंग आला तर श्वासाचा ठसा शाळांच्या वार्षिक तपासणीतल्या नोंदींशी जुळवून नाव काढता येत होतं. त्यासाठी दोन अंगठे लागत, एक प्रणिताचा आणि एक वैद्यकीय अधिकाऱ्यांचा. पण कुलूप गुपचूप उघडता येत नव्हतं. पहिल्या फुंकरीला पेटी पोराच्या फोनवर बिननावाची खुणेची चिठ्ठी टाकायची; कुलूप उघडलं की आजवर फुंकलेल्या प्रत्येकाला तिच्यातून एकच ठरलेला निरोप जायचा, ‘आज एक नाव उघडण्यात आलं’; दुसरं काही तिच्यातून धाडता येत नव्हतं. पेटी बनवणाऱ्यांनी हे मुद्दाम केलं होतं, आणि प्रणितानं ते दारावर मोठ्या अक्षरांत लिहून लावलं होतं. इथं नाव विचारत नाही. कधी विचारावंच लागलं, तर सगळ्यांना सांगून विचारू.

त्या शनिवारी शाळा सकाळची होती. बाराच्या पुढं पोरं दवाखान्याच्या आवारातून ये-जा करत होती. एक वाजायला वीस मिनिटं असताना पडद्यापलीकडं खुर्ची सरकली. मग टकटक, बराच वेळ, थांबत थांबत. मग लांब श्वास सोडल्याचा आवाज. प्रणिता अलीकडं आपल्या टेबलाशी बसून होती. पोर स्वतःहून येत नाही तोवर आपण पडदा ओलांडायचा नाही, हा तिचा नियम. तेवढ्यात बाहेरच्या बोळातून कुणा मोठ्या माणसाचा भारदस्त आवाज आला, बीपीच्या गोळ्या कुठं मिळतात म्हणून विचारणारा. पलीकडची खुर्ची एकदम मागं गेली, दार वाजलं आणि सगळं शांत झालं.

असं अधूनमधून व्हायचं. पोरं बिचकून पळायची आणि दोन दिवसांनी परत यायची. प्रणितानं सहज आपल्या पडद्यावर नजर टाकली आणि ती उभीच राहिली.

प्रश्न होता, ‘एवढ्या मोठ्या मुलाला झोपेत अंथरुणात लघवी होते. दहा दिवस झाले. आधी कधी नव्हतं. काही औषध आहे का? कुणाला कळू देऊ नका.’ आणि त्याच्याखाली तपासणीची पट्टी, तळापासून टोकापर्यंत लाल. ॲसिटोन. एवढा आकडा तिनं प्रशिक्षणातसुद्धा पाहिलेला नव्हता.

ती बोळात धावली. शनिवारचा बाजार होता, तीसचाळीस माणसं औषधाच्या खिडकीशी उभी होती. फाटकातून गणवेशातली पोरं बाहेर पडत होती, पाच, सहा, आठ. हाक कुणाला मारायची? दारासमोरचा कॅमेरा तर तिनंच भांडून काढायला लावला होता.

डॉक्टर इरफान बागवान तिथले वैद्यकीय अधिकारी, चाळिशीतला, कमी बोलणारा माणूस. त्यांनी पट्टी पाहिली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांनी तिला जे सांगितलं ते तिला अर्धं माहीत होतं. स्वादुपिंडातल्या ज्या पेशी इन्सुलिन तयार करतात, त्या कधीकधी शरीराचंच संरक्षक दल शत्रू समजून मारून टाकतं. लहान वयातला मधुमेह तो हाच. इन्सुलिन नाही म्हणजे रक्तात साखर तुडुंब, पण पेशींना तिचा कण मिळत नाही. उपाशी शरीर मग चरबी जाळायला लागतं. त्या जाळण्यातून जी आम्लं होतात ती रक्त नासवतात आणि त्यातलाच ॲसिटोन श्वासातून बाहेर पडतो. जादा साखर बाहेर टाकायला मूत्रपिंडं पाणी उपसत राहतात, म्हणून सारखी तहान, सारखी लघवी, आणि झोपेतही. पोरगा वाळत जातो. मग पोट दुखतं, उलट्या होतात, मग गुंगी. आणि वेळेवर सलाइन आणि इन्सुलिन मिळालं तर दोन दिवसांत उठून बसतो.

‘‘या आकड्याला किती वेळ आहे?’’ प्रणितानं विचारलं.

‘‘उद्या सकाळी तो बेशुद्ध असेल. त्याच्या आधीही होऊ शकतो. चला, अंगठा ठेवू.’’

प्रणितानं अंगठा पुढं केला नाही. तिच्या डोळ्यांपुढं मंगळवारची पोरगी होती. निरोप गेला की ती येणार नाही, हे तिला जितकं पक्कं ठाऊक होतं तितकं दुसरं काही ठाऊक नव्हतं. तिनं डॉक्टरांना ते सांगितलं. एक जीव वाचवताना दुसरा हातचा जायला नको, आणि त्या दुसऱ्याचं तर नावही कधी कळणार नाही. डॉक्टर चिडले नाहीत. ते म्हणाले की दोन्ही खरं आहे, पण पाटी वाचत बसायचं आणि पोरगं जाऊ द्यायचं, हे त्यांच्याच्यानं होणार नाही. सांगलीच्या मोठ्या दवाखान्यापर्यंत दीड तास लागतो, तोही धरायला हवा.

‘‘मला सहापर्यंत द्या,’’ ती म्हणाली. ‘‘सहाला सापडला नाही तर तुमच्या आधी माझा अंगठा ठेवीन.’’

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. दीड वाजत आला होता. ‘‘सहा म्हणजे सहा,’’ ते म्हणाले.

तिची मुलगी कृत्तिका दहावीत होती, शाळेच्या खो-खो संघाची कर्णधार. शनिवारी दुपारी ती मैदानावर असायची. प्रणिता तिच्याकडं गेली ती सल्ला मागायला नव्हे. तिला फक्त एवढंच हवं होतं, की पोरांच्या गटांवर एक निरोप फिरवावा. आज साडेबारा ते एकच्या दरम्यान जो कुणी उत्तर न घेता गेला, त्यानं लगेच परत यावं. आजाराचं नाव तिनं सांगितलं नाही, मुलगा की मुलगी तेही नाही.

कृत्तिकानं पाण्याची बाटली तोंडाला लावली, अर्धी संपवली आणि मान हलवली. असा निरोप फिरला तर गावातली निम्मी पोरं आठ नंबरच्या दाराशी नुसती बघायला उभी राहतील, कोण येतंय म्हणून. मग तो कशाला येईल?

‘‘मग कुलूप उघडावं लागेल,’’ प्रणिता म्हणाली. ‘‘सहा वाजता.’’

कृत्तिकानं बाटलीचं झाकण लावलं. मग शांतपणे म्हणाली, ‘‘आई, उघडलंस तर निरोप मलाही येईल.’’

प्रणिताला क्षणभर मैदानावरचा आवाज ऐकूच येईना. आपली पोरगी त्या चारशे बारांत आहे. पडद्याच्या पलीकडं बसून तिनं काहीतरी लिहिलंय, आणि अलीकडं बसून आपण त्याला उत्तर दिलंय. पहिला विचार मंगळवारचा आला. मागच्या मंगळवारी कृत्तिका जिल्हा स्पर्धेला सांगलीत होती. म्हणजे ती नाही. छातीवरचं ओझं उतरलं, आणि दुसऱ्याच क्षणी तिची तिलाच लाज वाटली. मनातल्या मनात तिनं कुलूप उघडायला घेतलंच होतं की.

ती काही विचारणार तोच कृत्तिकानं हात वर केला आणि म्हणाली, ‘‘आत्ता ते नको. आत्ता त्याचं बघू.’’

आणि तिनंच वाट काढली. एकट्यानं त्या दारातून जायची लाज वाटते ना, मग सगळ्यांनीच जायचं. आज, आत्ता. कारण असं काढायचं, की ते कुणा एकाचं नसेल. शाळाशाळांची चुरस लावायची, एका दुपारी जास्त पोरं कुठल्या शाळेची फुंकतात. फुंकणी तपासणीची छापील चिठ्ठी सगळ्यांना सारखीच घडी घालून देते, तशीच देऊ दे. आणि दर पाचव्या पोराला ताईंनी आत बोलवायचं, उगाच दोन गोष्टी बोलायला. मग कोण आत गेलं, किती वेळ बसलं, याकडं कुणी बघणार नाही.

प्रणितानं मुलीकडं नव्यानं पाहिलं. मग ती म्हणाली, ‘‘साडेतीनला सुरू करूया.’’

साडेतीनला दवाखान्याच्या फाटकाशी तीस पोरं होती. चारला दीडशे. मग सायकली, स्कूटी, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आलेला एक अख्खा वर्ग. खो-खोच्या पोरींनी रांगा लावल्या, कुणीतरी ढोलकं आणलं, विज्ञान शाखेच्या पोरांनी फळ्यावर शाळांची नावं लिहून आकडे मांडायला सुरुवात केली. जो आत जाऊन फुंकून येई त्याला बाहेर आरोळी मिळे. जी पोरं एरवी आठ नंबरच्या बोळातून मान खाली घालून जायची, ती आता तिथं आपल्या पाळीसाठी भांडत होती. औषधाच्या खिडकीवरच्या बायका कौतुकानं बघत होत्या. एका आजींनी मलाही फुंकू द्या म्हणून हट्ट धरला.

प्रणिता पडद्याआड बसून आकडे बघत होती. एका पोराला चाळीस सेकंद, नळी बदलायची धरून मिनिट. तासाला साठ. एवढ्या पोरांत तो कधी येणार? दर पाचवं पोर आत येत होतं, हसत, लाजत. कुणी शेजारच्या पोरीनं दिलेलं आव्हान म्हणून आलेलं. एकानं खुर्चीत बसल्या बसल्या हळूच विचारलं, की ताई, खरंच काही विचारलं तर चालतं का? तिनं त्याला सोमवारी यायला सांगितलं. असे सहा जण निघाले.

पावणेपाचला फुंकणीनं सत्तर श्वास घेतले होते. ओळखीचे ठसे वीस. त्यात तो नव्हता.

तिनं कृत्तिकाला आत बोलावलं आणि विचारलं, कुठली पोरं अजून आलीच नाहीत. कृत्तिकानं बाहेरच्या फळ्यावर एकदा नजर टाकली. सगळ्या शाळांच्या नावापुढं आकडे होते, फक्त वसतिगृहाच्या नावापुढं शून्य. ती म्हणाली की त्यांना सोडत नाहीत. गलाईवाल्यांच्या वसतिगृहाचं फाटक शनिवारी फक्त बारा ते एक उघडतं, साबण-वह्या आणायला.

बारा ते एक. प्रणिता खुर्चीतून उठली.

पुढच्या दहा मिनिटांत जे घडलं ते पळसोळीत बरेच दिवस सांगितलं जात होतं. डॉक्टर बागवानांनी फुंकणीचे नटबोल्ट स्वतः सोडवले. पेटी रुग्णवाहिकेत चढली, तिच्याशेजारी डॉक्टर, मांडीवर कुलूप उघडायचा टॅब, सलाइनचं खोकं आणि इन्सुलिन. पुढं रुग्णवाहिका, मागं अडीचशे पोरं, ढोलक्यासकट. दुकानदार पायरीवर आले. कुणी विचारलं, कसली मिरवणूक, तर पोरं ओरडली, फुंकणीची.

वसतिगृहाचे अधीक्षक पाटोळे हे लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार. फाटकाच्या मधोमध हात मागं बांधून ते उभे राहिले, तेव्हा ढोलकं आपोआप थांबलं. प्रणितानं सांगितलं की आपल्या पोरांनीही फुंकावं, एवढीच विनंती आहे.

‘‘कशासाठी?’’

‘‘ते मला सांगता येणार नाही, सुभेदार. पण सहाच्या आत व्हायला हवं.’’

पाटोळ्यांनी तिच्याकडं पाहिलं, मग रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांकडं, मग त्या गर्दीकडं. ‘‘फौजेतसुद्धा आम्हाला कारण सांगत नव्हते,’’ ते म्हणाले. ‘‘ही नळी कशी धरायची?’’ आणि अडीचशे पोरांसमोर, मिशा सावरून, सगळ्यात आधी त्यांनी फुंकलं. इतकी मोठी आरोळी पळसोळीनं खो-खोच्या अंतिम सामन्यातही ऐकली नव्हती.

वसतिगृहाची पोरं जिन्यावरून धडाधडा खाली आली. कृत्तिकानं डॉक्टरांना विचारून नळ्या आधीच मोकळ्या करून ठेवल्या, चिठ्ठ्या वाटायला दोघी बसवल्या. चाळीस पोरं, दुसरं काही न विचारता फक्त ठसा बघायचा म्हणून दर वेळी पंचवीस सेकंद. दहा झाली, वीस झाली. प्रणिताच्या हातातल्या पडद्यावर तो ठसा काही आला नाही. पाच चाळीस. पाच पंचेचाळीस. शेवटचा पोरगा फुंकून हसत बाहेर गेला. काही नाही.

रुग्णवाहिकेच्या दारात डॉक्टरांनी टॅब उघडला. मग तिच्याकडं पाहिलं.

प्रणितानं पाटोळ्यांना विचारलं की झाली का सगळी. त्यांनी मनात मोजलं. चाळीस नव्हे, पटावर बेचाळीस. एक परवाच आजीच्या वर्षश्राद्धाला गेलाय. दुसरा आदिनाथ, नववीतला. त्याचं पोट बिघडलंय, दुपारपासून उलट्या करतोय. आदल्या आठवड्यात तालमीत वजन उतरलं म्हणून वस्ताद खूश होते, आणि आता हे. खोलीत झोपून आहे. खाली आणू का?

‘‘नको,’’ प्रणिता म्हणाली. ‘‘मी एकटी जाते. वर कुणाला येऊ देऊ नका.’’

तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत सहा खाटा होत्या. खिडकीजवळच्या खाटेवर एक उंच पोरगा भिंतीकडं तोंड करून पडला होता. श्वास खोल आणि भरभर चाललेला. उशाला पाण्याच्या तीन रिकाम्या बाटल्या. प्रणिता दारातच थांबली. खोलीभर एक गोडसर, आंबूस वास होता, फार पिकून फुटलेल्या सीताफळासारखा. तिला कुठलीच पेटी लागणार नव्हती.

तिनं खुर्ची ओढली आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर बसली. त्यानं मान वळवली. ओठ सुकून पांढरे पडले होते.

‘‘मी फुंकणार नाही,’’ तो म्हणाला.

‘‘नको फुंकू. मी काही विचारायलाही आलेली नाही. फक्त सांगायला आलेय. ऐकशील?’’

त्यानं नजर तिच्यावरच ठेवली. तिनं त्याचं नाव घेतलं नाही. ती म्हणाली की आज दुपारी कुणीतरी आपल्याला एक प्रश्न विचारला आणि उत्तर न घेता गेला. त्याचं उत्तर असं आहे, की तो त्याचा दोष नाही. तो भित्रा नाही, लहान बाळ नाही, त्याला कसली सवय लागलेली नाही. त्याच्या रक्तात साखर साठलीय, आणि त्याची मूत्रपिंडं दिवसरात्र राबून ती बाहेर टाकतायत. झोपेतसुद्धा. त्याचं शरीर त्याला वाचवायला धडपडतंय, म्हणून ते होतंय. आज औषध सुरू झालं की ते थांबेल. या आठवड्यातच थांबेल. पण औषध आजच सुरू व्हायला हवं, अगदी आत्ता.

पोरानं डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळलं.

‘‘थांबतं?’’ त्यानं विचारलं.

‘‘थांबतं.’’

‘‘मीच आलो होतो, ताई,’’ आदिनाथ म्हणाला.

प्रणिता जिन्याच्या कठड्यावरून वाकली. रुग्णवाहिकेजवळ डॉक्टर उभे होते, अंगठा टॅबच्या काचेपासून बोटभर वर. सहाला चार मिनिटं कमी होती. ‘‘टॅब ठेवा खाली,’’ ती वरूनच म्हणाली. ‘‘स्ट्रेचर आणा.’’

पोटदुखीचा पेशंट म्हणून त्याला उतरवलं. पोरांनी वाट करून दिली. कुणी काही विचारलं नाही, कारण फळ्याभोवती आकड्यांवरून मोठं भांडण लागलं होतं. गाडी फाटकातून बाहेर पडायच्या आधी सलाइन लागलेलं होतं, पहिलं इन्सुलिन गेलेलं होतं. पाटोळे सुभेदार न सांगता आत चढून बसले आणि सांगलीपर्यंत त्यांनी पोराचा पाय हातातून सोडला नाही.

रात्र थोडी अवघड गेली. रविवारी दुपारी आदिनाथनं डोळे उघडून भूक लागली म्हटलं. संध्याकाळी कोईमतूरहून त्याचे आईवडील पोचले. त्याची आई डॉक्टर बागवानांपुढं हात जोडून उभी राहिली, तर ते ओशाळून म्हणाले की मी बटणावर अंगठा धरून बसलो होतो, बाकी सगळं बाईंनी आणि पोरांनी केलं.

पंधरा दिवसांनी तो परत वसतिगृहात आला. दंडावर रुपयाएवढी चकती, साखर मोजणारी, आणि कमरेला इन्सुलिनचं छोटं यंत्र. पोरं ते यंत्र बघायला त्याच्याभोवती गोळा व्हायची आणि तोही ऐटीत दाखवायचा. अंथरुणाचं कुणालाच कधी कळलं नाही. पाटोळ्यांनी एकदा प्रणिताला गाठून विचारलं, की खोलीत तुम्ही त्याला असं काय सांगितलंत, पोरगा कसा मोकळा झालाय. ती म्हणाली, तेही सांगता येणार नाही. सुभेदारांनी मान डोलावली आणि पुन्हा कधी विचारलं नाही. मात्र वसतिगृहाचं फाटक त्यांनी रोज संध्याकाळी तासभर उघडं ठेवायला सुरुवात केली.

कुलूप उघडलं नाही, म्हणून निरोपही गेला नाही. मंगळवारची पोरगी त्या मंगळवारी आली. तिनं लिहिलं, ‘शनिवारी मीपण रांगेत होते. खूप हसले.’ प्रणितानं ते तीनदा वाचलं.

घरी मात्र ती आणि कृत्तिका त्या विषयावर बोलल्या नाहीत. प्रणिताला विचारावंसं वाटत नव्हतं असं नाही. भाकरी थापताना वाटायचं, वेणी घालताना वाटायचं. आलेल्या प्रश्नांची शेकडो उत्तरं तिनं स्वतःच्या हातानं लिहिली होती. त्यातलं एक कुठलं, हे जरा डोकं लावलं असतं तर तिला काढता आलं असतं. तिनं डोकं लावलं नाही. एवढंच तिनं कृत्तिकाला एकदा स्कूटीवरून जाताना सांगितलं, की मला न विचारता तू तिथं विचारलंस याचं मला थोडं वाईट वाटलं, पण तुला विचारायला जागा होती याचं जास्त बरं वाटलं. मागं बसलेल्या कृत्तिकानं तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवली. 

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या गुरुवारी आठ नंबरसमोर बाकड्यावर नऊ पोरं बसली होती. आता ती उघड बसायची, पुस्तकं वाचत, एकमेकांच्या खोड्या काढत. प्रणितानं सातवं टोकन पुकारलं. पडद्यापलीकडं खुर्ची सरकली, पण टंकण्याचा आवाज आला नाही, फुंकल्याचाही नाही. पडदा बाजूला झाला आणि कृत्तिका आत आली. शाळेचा गणवेश, हातात टोकन. ती समोरच्या खुर्चीत पाय जुळवून बसली, अगदी पहिल्यांदा आलेली पोरं बसतात तशी.

‘‘ताई,’’ ती म्हणाली, ‘‘मला एक विचारायचंय.’’

प्रणितानं उठून दार लावलं, खुर्ची पुढं घेतली आणि म्हणाली, ‘‘नाव नाही सांगितलंस तरी चालेल. बोल.’’